यंत्राच्या सिमचं बिल का फुगतं? मोडेम, ड्रायव्हर आणि मधली दोन फूट वायर

नदीचा धक्का, खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं दार, पंप हाउसची भिंत, सोसायटीची टाकी, गच्चीतला सोलर इन्व्हर्टर. गोव्यात हल्ली अशा जागी एक छोटा डबा बसवलेला दिसतो. त्यात सिम असतं. डबा पाण्याची पातळी, पाऊस किंवा विजेची युनिटं मोजतो आणि दूरच्या सर्व्हरला कळवतो. स्मार्ट मीटरची चर्चा सुरू झाल्यापासून ज्यांच्याकडे असा डबा नाही तेही विचारू लागलेत: पाठवायचा तो एक आकडा, मग त्याला एवढा डेटा लागतो कशाला, आणि त्याचे पैसे कोण भरणार?

प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या योजनेतून देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य आहे आणि त्यातल्या पुष्कळ मीटरांना मोबाइल नेटवर्कवरूनच बोलायचं आहे. सिमचं बिल खात्याने भरलं, कंपनीने भरलं किंवा कूळ संघटनेने, म्हणजे खाजनातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने, वर्गणी काढून भरलं, तरी ते शेवटी ग्राहकाच्या आणि शेतकऱ्याच्याच खिशातून जातं.

डेटा संपला की बहुतेक जण मोठा पॅक घेतात. माझं म्हणणं असं की पॅक बदलण्याआधी डबा उघडावा. पैसा बहुतेक वेळा तिथेच गळत असतो: यंत्र आणि मोडेम यांच्यामधल्या वायरीत, आणि त्या वायरीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. दुरुस्तीला अनेकदा काहीशे रुपये पुरतात, कधी सेटिंगमधली एक ओळ बदलून भागतं.

डब्यात असतं तरी काय?

तीन भाग. पहिला सेन्सर, म्हणजे मोजणारा. दुसरा कंट्रोलर, म्हणजे छोटा संगणक. तो आकडा घेतो, वेळ लावतो, साठवतो. तिसरा मोडेम. संगणकाचे आकडे टेलिफोनच्या तारेवरून किंवा हवेतून जाऊ शकतील अशा लहरींत बदलणारा, आणि आलेल्या लहरींचे पुन्हा आकडे करणारा, तो मोडेम.

कंट्रोलर आणि मोडेम यांच्यात जी वायर असते तिला सीरियल लाइन म्हणतात, कारण तिच्यातून एकेक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, ओळीने जातो. एका अक्षराचे आठ बिट, सुरुवात सांगणारा एक, शेवट सांगणारा एक, असे मिळून दहा. म्हणजे सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाला ९६० अक्षरं जातात आणि १,१५,२०० च्या वेगाला ११,५२०. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वायरीवर येणारं अक्षर उचलून योग्य जागी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तो कधी पडद्यावर दिसत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

आजच्या ४जी मोडेमलाही कंट्रोलर ज्या भाषेत हुकूम देतो ती 'एटी'ने सुरू होणारी भाषा हेज कंपनीने १९८१ साली टेलिफोनच्या मोडेमसाठी बनवली होती. पंप हाउसवरच्या डब्याला लॅपटॉप जोडून 'एटी' टाइप केलं की तो आजही 'ओके' म्हणतो. तंत्र इतकं जुनं असल्यामुळे त्याचे आजारही जुने आहेत, आणि औषधंही.

एसटीडीच्या जमान्यात ही बचत कशी व्हायची?

आज आपण डेटा एमबीत मोजतो. नव्वदच्या दशकात तो मिनिटांत मोजला जायचा. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं ते मोजक्या महानगरांत. गोव्यातून मुंबईच्या संगणकाला फोन लावायचा म्हणजे एसटीडी, आणि एसटीडीचा मीटर फाइल येते की नाही ते बघत नाही, लाइन चालू आहे की नाही एवढंच बघतो. म्हणून लोक रात्री अकरानंतरच्या पाव दराची वाट बघत बसायचे.

त्या काळी एक एमबीची फाइल आणायला किती वेळ लागे बघा. २,४०० बिट वेगाच्या मोडेमने आदर्श स्थितीत सुमारे ७३ मिनिटं. १९९१ मध्ये आलेल्या व्ही.३२बिस मानकाच्या १४,४०० बिटांच्या मोडेमने साधारण १२ मिनिटं. १९९४ च्या व्ही.३४ ने, म्हणजे २८,८०० बिटांनी, सहा मिनिटं. मोडेम महाग होता, पण रोज फाइली आणणाऱ्याच्या फोनबिलातून त्याची किंमत वसूल होत असे.

वेगाइतकेच महत्त्वाचे होते आणखी दोन गुण. व्ही.४२ मानकाचा मोडेम लाइनवरची खरखर स्वतः ओळखून बिघडलेला तुकडा पुन्हा मागवायचा. शिवाय टेलिफोनच्या तारेवर तो प्रत्येक अक्षराचे सुरुवातीचे आणि शेवटचे बिट गाळून टाकायचा. दहातले दोन बिट वाचले की तेवढी जागा खऱ्या मजकुराला मिळते. त्यावर व्ही.४२बिस आलं. ते मजकूर दाबून पाठवायचं. साधा मजकूर असेल तर आदर्श स्थितीत चौपटीपर्यंत. आधीच झिप केलेल्या फाइलीला मात्र त्याचा उपयोग शून्य.

एवढं सगळं करून चांगला मोडेम आणलेल्या माणसाची पुष्कळदा निराशा व्हायची, कारण मोडेम पळायचा आणि संगणक मागे पडायचा. नेमकी हीच गोष्ट आज त्या डब्यांमध्ये पुन्हा घडते आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ.

अक्षर हरवतं कुठे?

रायबंदर-चोडण फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. बोट धक्क्याला लागली, गाड्या एकामागून एक उतरल्या. पुढे रस्त्यावर उभं राहायला जागा असेल तर काही अडत नाही. पण धक्क्यावर एकाच गाडीपुरती जागा असेल आणि ती गाडी हलायच्या आत मागची उतरली, तर? रस्त्यावर दुसरी गाडी पाण्यात पडत नाही, ती थांबते. सीरियल लाइनवर मात्र ती खरोखरच पाण्यात जाते. आधीच्या अक्षरावर नवं अक्षर चढतं आणि जुनं कायमचं पुसलं जातं. याला ओव्हररन म्हणतात.

जुन्या संगणकांतल्या ८२५० आणि १६४५० या सीरियल चिपमध्ये बरोबर एकाच अक्षराला उभं राहायला जागा होती. १,१५,२०० च्या वेगाला दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवं अक्षर येतं. तेवढ्यात संगणक डिस्कवर काही लिहीत असेल किंवा पडदा रंगवत असेल, तर अक्षर गेलं. १६५५०ए या चिपने सोळा अक्षरांची रांग लावायची सोय केली. तेवढ्याने ड्रायव्हरला सोळापट सवड मिळाली. मात्र ड्रायव्हरला ही रांग वापरता यायला हवी. विंडोज ३.१ च्या काळातला मूळ ड्रायव्हर तिचा पुरता फायदा घेत नसे, म्हणून जाणकार लोक दुसरा ड्रायव्हर टाकायचे. विंडोजआधीच्या डॉस प्रणालीवर 'फॉसिल' नावाचे ड्रायव्हर त्याच कामाचे. चिप बदलली, ड्रायव्हर बदलला, आणि फोनची लाइन तीच असूनही फाइल निम्म्या वेळात उतरू लागली, असं होत असे.

एक अक्षर गेलं तर एवढं काय बिघडलं? बिघडतं, कारण मजकूर तुकड्यांनी जातो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीची बेरीज असते. फाइल पाठवायच्या झेडमोडेम पद्धतीत तुकडा १,०२४ अक्षरांचा. एक अक्षर गळलं की बेरीज जुळत नाही आणि सगळा तुकडा पुन्हा मागवावा लागतो. चूक एका अक्षराची, दंड हजाराचा.

आता आजच्या डब्याकडे या. मोबाइल कंपनीचा मीटर टॉवरच्या बाजूला आहे. टॉवरकडून मोडेमपर्यंत आलेला प्रत्येक बाइट (एका अक्षराएवढा डेटा) तिने मोजला. मोडेमपासून कंट्रोलरपर्यंतच्या दोन फूट वायरीत त्यातलं अक्षर हरवलं, तर कंपनीला ते कळायचं कारण नाही. कंट्रोलर तो तुकडा पुन्हा मागवतो, कंपनी पुन्हा मोजते. नेटवर्क ठणठणीत, रेंज पूर्ण, आणि बिल दीडपट! उलट दिशेनेही तेच: मोडेम टॉवरशी बोलण्यात गुंतलेला असताना कंट्रोलरने अक्षरं ओतली तर मोडेमची जागा भरते, मजकूर अर्धवट जातो, सर्व्हर तो नाकारतो, आणि सगळं पुन्हा पाठवावं लागतं.

हे टाळायला दोन जादा तारा असतात. एकीवरून मोडेम सांगतो, 'थांब, जागा नाही'. दुसरीवरून कंट्रोलर तेच सांगतो. पहिलीचं नाव सीटीएस, दुसरीचं आरटीएस. स्वस्तातल्या डब्यांत या दोन तारा जोडलेल्याच नसतात. पाठवायची एक, घ्यायची एक आणि ग्राउंड, अशा तीन तारांवर काम उरकलेलं असतं. टेबलावर चाचणी घेताना ते सुरळीत चालतं, कारण तिथे मजकूर थोडा आणि रेंज चांगली. धक्क्यावर, कमी रेंजमध्ये, मोडेमला एकेक तुकडा पाठवायला वेळ लागू लागला की मग गळती सुरू होते. मला या आळशीपणाचा खरोखर राग येतो, कारण वाचवलेल्या दोन तारांची किंमत चहाच्या कपाहून जास्त नसते आणि नुकसान ग्राहक वर्षानुवर्षं भरतो.

ज्यांच्या डब्यात कंट्रोलर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा तयार संगणक आहे त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. ब्लूटूथ असलेल्या ३ आणि ४ या मॉडेलांवर चांगला सीरियल पोर्ट मुळात ब्लूटूथला दिलेला असतो आणि बाहेरच्या पिनांवर दुय्यम पोर्ट येतो. दुय्यम पोर्टची रांग आठच अक्षरांची, शिवाय त्याचा वेग प्रोसेसरच्या एका घड्याळाला बांधलेला, त्यामुळे ते घड्याळ हललं की वेगही हलतो. नदीकाठच्या डब्याला ब्लूटूथ काय करायचंय? सेटिंगच्या फाइलीत ब्लूटूथ बंद करणारी एक ओळ घातली की चांगला पोर्ट मोडेमला मिळतो. खर्च शून्य.

आर्डुइनो या त्याहून साध्या कंट्रोलर बोर्डवर साध्या पिनांना सीरियल बनवणारी जी सॉफ्टवेअर लायब्ररी असते, ती १,१५,२०० च्या वेगाला भरवशाची नाही. तिथे मोडेमला खऱ्या हार्डवेअर पोर्टवर घ्यावं, किंवा वेग ९,६०० वर आणावा. एक आकडा पाठवायला ९,६०० भरपूर झाला.

गळती आहे की नाही हे कसं ओळखायचं?

लिनक्सवर चालणारा डबा असेल तर सीरियल ड्रायव्हर स्वतःच हिशेब ठेवतो. 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'टीटीवाय'खाली ड्रायव्हरची 'सीरियल' नावाची फाइल असते. अ‍ॅडमिन म्हणून ती उघडली की प्रत्येक पोर्टची एक ओळ दिसते: चिपचं नाव, किती अक्षरं गेली, किती आली, आणि गडबड झाली असेल तर 'ओई' किंवा 'एफई' या अक्षरांपुढे आकडा. 'ओई' म्हणजे ओव्हररन, 'एफई' म्हणजे अक्षराची चौकट बिघडली. ही अक्षरं ओळीत नसतील तर उत्तम. 'ओई' रोज वाढत असेल तर रांग छोटी आहे किंवा थांबा सांगणाऱ्या तारा नाहीत. 'एफई' वाढत असेल तर दोन्ही टोकांचे वेग जुळत नाहीत किंवा वायरीत आवाज शिरतोय.

आपल्याकडे या दुसऱ्या आजाराला पावसाळा हे मोठं कारण. जुलैत खाऱ्या हवेतला डबा उघडला की टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवट थर दिसतो. ग्राउंडची तार त्या थराखाली सैल झालेली असते, आणि शेजारचा पंप सुरू झाला की अक्षरं बिघडतात. सेन्सर दूर असेल तर आरएस-२३२ ची, म्हणजे साध्या सीरियल जोडणीची, वायर ओढत नेऊ नये, ती साधारण १५ मीटरपर्यंतच ठीक. लांब अंतरासाठीचं आरएस-४८५ कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत जातं. त्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा असतो, आणि तोच बहुतेक वेळा विसरलेला असतो.

रिकामी बोट का सोडायची?

वायर नीट झाली. आता दुसरी गळती, आणि ती पहिलीहून मोठी असते.

फेरीबोटीत एक स्कूटर असो की बोट भरलेली असो, डिझेल जवळपास तेवढंच जळतं. इंटरनेटवरही मजकूर पाठवताना त्याच्यासोबत पत्त्याचा आणि क्रमाचा मजकूर जावाच लागतो. नेहमीच्या पद्धतीत तो प्रत्येक फेरीला किमान ४० बाइट असतो. पलीकडून पोच येते, तिचे आणखी ४०. सुरक्षित जोडणी नव्याने उघडायची म्हटली की ओळखपत्रं दाखवण्यातच काही हजार बाइट जातात.

समजा, एका मानशीवरचा डबा दर पाच मिनिटांनी पातळी कळवतो. दिवसाला २८८ वेळा. प्रत्येक वेळी नवी सुरक्षित जोडणी उघडून बंद केली तर एका वेळचे साधारण ५ केबी धरू. दिवसाला सुमारे १.४ एमबी, महिन्याला ४३. त्यातली खरी पातळी किती? वेळेचे चार बाइट आणि पातळीचे दोन. बाकी सगळं डिझेल.

याला तीन उपाय आहेत. पहिला, आकडे साठवून एकत्र पाठवा: तासाला एकदा, बारा आकडे मिळून. दिवसाच्या २८८ जोडण्यांच्या २४ झाल्या. महिन्याचे ४३ एमबी चार-पाचवर आले. दुसरा, जोडणी उघडी ठेवा आणि एमक्यूटीटीसारखी हलकी पद्धत वापरा, जिचा स्वतःचा बोजा दोन बाइटांपासून सुरू होतो. जोडणी उघडी ठेवण्यासाठी दर दहा मिनिटांनी 'मी आहे' असं सांगावं लागतं. ते धरूनही महिन्याचं गणित साधारण एक एमबीवर येतं. तिसरा, आकडा शब्दांत लिहू नका. 'स्टेशन अमुक, पातळी तमुक, दिनांक, वेळ' असा वाचता येणारा मजकूर सहज नव्वद-शंभर अक्षरांचा होतो. तोच सहा बाइटांत मावतो. वाचता येणारं रूप सर्व्हरवर द्यावं, तिथे जागा स्वस्त आहे.

काही पॅकमध्ये प्रत्येक जोडणीचा डेटा १० केबीच्या पुढच्या टप्प्यापर्यंत वाढवून धरला जातो. तसं असेल तर पहिल्या पद्धतीचे २८८ वेळा १० केबी, म्हणजे महिन्याला ८६ एमबी मोजले जातील. पॅक घेताना हे विचारून घ्यावं.

'अहो, पण डेटा तर आता फुकटच आहे!'

फोनवर दिवसाला दीड जीबी मिळतो, मग ४३ एमबीचा बाऊ कशाला, असं कुणीही म्हणेल. फोनपुरतं ते खरं आहे. यंत्राचं गणित वेगळं पडतं. यंत्रांसाठीची सिम वेगळी असतात, त्यांना २०१८ पासून १३ अंकी नंबर मिळतात, आणि त्यांचे पॅक बहुधा काही एमबींचे, वर्षाच्या करारावर घेतलेले असतात. एका डब्याला फरक थोडा वाटतो. शंभर डबे असलेल्या खात्याला तो ठळक दिसतो.

पैशाहून मोठी गोष्ट विजेची. गोव्यात जुलैत आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. सोलर पॅनेलवरचा डबा तेव्हा बॅटरीवर जगतो, आणि सगळ्यात जास्त खातो तो मोडेम. २जीवर पाठवताना तो क्षणभर दोन अँपिअरपर्यंत खेचू शकतो. बॅटरी उतरलेली किंवा सप्लायची वायर बारीक असेल तर त्या झटक्याला व्होल्टेज पडतं, मोडेम रिसेट होतो, पुन्हा टॉवर शोधतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा पडतो. दिवा लुकलुकत राहतो, आणि सगळे नेटवर्कला नावं ठेवतात. जाड वायर आणि मोडेमच्या पिनेजवळ क्षणभराची वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर लावला की हे चक्र थांबतं. हवेत बोलायचा वेळ कमी झाला की बॅटरी जास्त दिवस टिकते, आणि नेमक्या पुराच्या रात्री डबा जागा असतो.

'साठवून पाठवलं तर पूर आल्याचं कळणार कधी?'

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं चांगलं उदाहरण आपल्याच दारात आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवीकाठी, पणजीसमोर वेरे इथे समुद्रपातळी मोजणारं यंत्र, म्हणजे गेज, बसवला आणि त्याचे आकडे मोबाइल नेटवर्कवरून थेट इंटरनेटवर आणले. १२ सप्टेंबर २००७ ला सुमात्राजवळ ८.४ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा त्यातून उठलेली त्सुनामीची छोटी लाट गोव्यात आणि लक्षद्वीपच्या कवरत्तीला अशाच गेजांनी टिपली आणि लगोलग कळवली. उपग्रहाऐवजी मोबाइलचा मोडेम वापरल्यामुळे दर काही मिनिटांनी आकडा पाठवणं परवडलं. अशा गेजला तासभर आकडे साठवायला सांगणं चुकीचंच ठरेल.

म्हणून काटकसर सरसकट करायची नसते. मानशीवरच्या डब्याला दोन नियम द्यावेत: पातळी नेहमीच्या भरती-ओहोटीत असेल तर तासाने पाठव, ठरावीक रेषा ओलांडली किंवा पाणी झपाट्याने चढू लागलं तर तत्काळ पाठव, आणि मग दर मिनिटाला पाठव. शांत दिवशी वाचवलेले एमबी वादळाच्या दिवशी खर्चायला मिळतात.

'बचतीसाठी सुरक्षा काढून टाकायची का?'

नाही. कुलूप लावलेली जोडणी जड असते हे खरं, पण जडपणा बहुतांशी ती उघडताना असतो. एकदा उघडून चालू ठेवली, किंवा तुटल्यावर जुन्या ओळखीवर पुन्हा जोडता आली, तर खर्च आटोक्यात राहतो. मानशीचं दार किंवा पंप दुरून चालवणाऱ्या डब्याचं कुलूप काढणं म्हणजे शेतात खारं पाणी सोडायची चावी रस्त्यावर टाकणं. तिथे एमबी मोजत बसू नये.

सर्व्हर बंद पडला तर डबा काय करतो?

पुरवठादाराला हा प्रश्न क्वचित कुणी विचारतो, आणि महिन्याचा पॅक एका रात्रीत संपायचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. एका पुरवठादाराच्या डब्यांत मी हे पाहिलंय: सर्व्हरवर काही बिघाड झाला, तो 'घेता येत नाही' म्हणू लागला, आणि डबा दर दहा सेकंदांनी नवी सुरक्षित जोडणी उघडून तोच आकडा देत राहिला. दिवसाला ८,६४० प्रयत्न, प्रत्येकी ५ केबी. वरच्या उदाहरणातले महिन्याचे ४३ एमबी एका दिवसात गेले.

शहाणा डबा पहिल्या नकारानंतर दहा सेकंद थांबतो, मग वीस, मग चाळीस, असं करत तासापर्यंत जातो. त्यात प्रत्येक वेळी थोडा कमी-जास्त वेळही मिसळतो. तो मिसळला नाही, तर वीज जाऊन परत आल्यावर तालुक्यातले सगळे डबे एकाच क्षणी सर्व्हरवर धाव घेतात आणि सावरणाऱ्या सर्व्हरला पुन्हा पाडतात.

जिथे टॉवरच नाही तिथे?

तिथे उपग्रह, आणि तिथे प्रत्येक बाइट खरोखर महाग. इरिडियम या उपग्रह कंपनीच्या छोट्या संदेशसेवेत प्रचलित मोडेमवरून एका वेळी जास्तीत जास्त ३४० बाइट पाठवता येतात. आकडा शब्दांत लिहिला तर तीन-चार नोंदी मावतील. सहा बाइटांत लिहिला तर पन्नासहून जास्त.

चांगल्या मोडेमने काय बदलतं हे समुद्रात तरंगणाऱ्या आर्गो यंत्रांवरून स्पष्ट दिसतं. भारताची अशी यंत्रं हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून हाताळली जातात. हे यंत्र २,००० मीटर खोल जातं, साधारण दहा दिवसांनी वर येतं आणि वाटेतलं तापमान व क्षारता कळवतं. सुरुवातीच्या यंत्रांत आर्गोस उपग्रहसेवेचा मोडेम होता. त्यात संदेश एकाच दिशेने जायचा. उपग्रहाला तो मिळाला की नाही हे यंत्राला कळत नसे, म्हणून तेच संदेश पुन्हा पुन्हा ओरडत ते कित्येक तास पाण्यावर थांबायचं. तेवढ्यात प्रवाह त्याला वाहवत न्यायचा आणि अंगावर शेवाळ चढायला वेळ मिळायचा. इरिडियमचे दुहेरी मोडेम आल्यावर पोच मिळू लागली. आता यंत्र थोड्या मिनिटांत काम आटोपून बुडी मारतं, शिवाय खोलीगणिक आधीपेक्षा कितीतरी जास्त नोंदी पाठवतं.

नवा ४जी मोडेम घेतला की सगळं आपोआप सुधारेल का?

नुसता मोडेम बदलून नाही. मागची वायर तीन तारांची, पोर्टची रांग आठ अक्षरांची आणि प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी जोडणी उघडणारा असेल, तर वेगवान मोडेम फक्त वेगाने अक्षरं सांडेल. तरी मोडेम बदलायची वेळ आली असेल, तर नेटवर्कचं आयुष्य बघून घ्यावा. काही कंपन्यांनी ३जी बंद केलं आहे, आणि जिओकडे २जी कधी नव्हतंच. आकडे पाठवायला सगळ्यात वेगवान मोडेम लागत नाही. कमी वेगाचा, कमी वीज खाणारा कॅट-१ वर्गाचा ४जी मोडेम पुरतो.

कूळ संघटना किंवा सोसायटी नवा डबा घेत असेल तर कोटेशनवर सही करण्याआधी पुरवठादाराकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: मोडेमला आरटीएस-सीटीएसच्या तारा जोडल्या आहेत का, एका नोंदीला हवेत किती बाइट जातात, सर्व्हर बंद असताना डबा किती वेळा प्रयत्न करतो, आणि ओव्हररनचा आकडा ग्राहकाला बघता येतो का. पहिल्या पावसाळ्यानंतर तो आकडा आणि सिमचं बिल शेजारी ठेवून बघावं. बिल वाढलं आणि ओव्हररनही वाढला असेल तर डबा उघडावा. ओव्हररन नसताना बिल वाढलं असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोलवावं.